कुणी न विचारलेलं प्रथिन

सहानाने स्वतःचाच नकाशा मोडला, आणि तोही पेपर पाठवायच्या आठवड्यात. पेरुंगुडीच्या त्या प्रयोगशाळेत असला आगाऊपणा आजवर कुणी केला नव्हता.

फुप्फुसं निबर होत जाणाऱ्या रोगात कोणती प्रथिनं एकमेकांना जाऊन भिडतात, याचा तो नकाशा. तिच्या अप्पांना हाच रोग होता, अंबत्तूरच्या कारखान्यात ग्रॅनाइट घासून घासून जडलेला. नकाशात मधोमध एक नामांकित प्रथिन, त्याला शेकडो धागे. तिच्या पुण्याहून आलेल्या गाईड, विद्युलता मॅडम, त्याच्यावर बेहद्द खूश.

"धागे जास्त, कारण सगळ्यांनी त्यालाच तपासलंय," सहाना म्हणाली. "कुणावर किती अभ्यास झाला ते वजा केलं, की ते मधे राहतच नाही." तिने कोपऱ्यातल्या एका बारक्या प्रथिनावर बोट ठेवलं. सूज आणणारा घोळका आणि व्रण घट्ट करणारा घोळका यांना जोडणारं तेवढंच होतं.

"याचं नाव तरी ऐकलंय का कुणी? रुग्णांच्या पेशी एका प्रयोगापुरत्याच उरल्यात. फसलं तर तुझी फेलोशिप वाढवून मागायला मला तोंड राहणार नाही."

"कळतंय मॅडम. तरी हेच करायचं."

मॅडम चिडल्या. मग आकडे स्वतः तपासले आणि मुकाट्याने होकार दिला.

बारकं प्रथिन बंद केलेल्या पेशींमध्ये व्रण निम्म्याहून कमी झाला. सहाना बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली, तोंड धुतलं आणि थेट घर गाठलं.

अप्पा नाकात ऑक्सिजनची नळी लावून बसले होते. "औषध केव्हा?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचा तिला फार मोह झाला. "दहा वर्षं तरी, अप्पा. तुम्हाला नाही मिळायचं."

अप्पा बराच वेळ दम खात राहिले. "परवाइल्लै, कण्णा, असू दे. कारखान्यात माझ्या मशीनवर आता वसंता म्हणून एकजण आहे. लहान वय त्याचं. त्याला मिळेल."

सहानाला संताप आला. "तोवर त्याने धूळ खायची? नंबर द्या त्याचा."

तिने उभ्याउभ्याच फोन लावला.

"वसंताण्णा, चंद्रमौळींची मुलगी सहाना बोलते. उद्या कामावर जाऊ नका, आधी आमच्या घरी या. अप्पांजवळ बसा, त्यांचा श्वास ऐका. मग आपण तुमच्या छातीचा फोटो काढायला जाऊ."