हळदपिवळ्या फरश्या

फाल्गुनाचं ऊन. सोलापूरचं ऊन. सुवर्णजर्द, निर्भीड, जरासं आगाऊ ऊन. ते पत्र्यांवर नाचलं, गच्च्यांवर सांडलं, आणि मल्लय्या बोद्धूलांच्या बंद कारखान्याच्या अंगणात हक्कानं येऊन बसलं.

चादरींचं सूत रंगवून उरलेलं रक्तवर्णी पाणी ओढ्याला मिळत होतं, म्हणून कारखान्याला टाळं लागलं होतं. पाणी वर्णहीन झाल्याखेरीज ते निघणार नव्हतं.

सून भाग्यलक्ष्मी रसायनशास्त्र शिकलेली. तिनं फरश्यांवर एका भुकटीचा हळदपिवळा लेप चढवला होता. पाण्यात बुडवून त्या उजेडात ठेवायच्या. मग त्या पाण्यातला रंग मोडून काढत. काल उथळ हौदातलं पाणी स्फटिकनितळ झालं होतं. आज त्याच फरश्या, धुऊन, पुन्हा. रोज नव्या कोणाला परवडणार? आज त्या चालल्या, तर कारखाना जगणार होता.

दुपारी ती कॉलेजातून परतली. पाणी लाल. जास्वंदलाल, हट्टी, सकाळी होतं तसंच लाल. ती हौदाच्या कडेला मटकन बसली आणि तिचे डोळे भरून आले.

“मामा, नाही चाललं,” ती सासऱ्यांना म्हणाली.

“असं कसं? डोळ्यांत तेल घालून राखलो की मी! आत्ता तर चादर काढलो वरची.”

“चादर?”

“मग! परत वापरायच्या म्हणालीस ना? उन्हात तो पिवळा रंग उडाला असता की!”

उभा जन्म मल्लय्यांनी ओलं सूत सावलीत वाळवलं होतं. ज्याला जपायचं, त्याला ऊन लागू द्यायचं नाही. त्यांच्या मायेची रीत एवढीच होती.

भाग्यलक्ष्मी रडता रडता हसली, हसता हसता पुन्हा रडली. असा लोभस घोळ घालणारा सासरा तिला फार फार आवडला. “मामा, ऊनच लागतं त्यांना. उजेडावरच चालतात त्या.”

मल्लय्या ओशाळले. कोपऱ्यातल्या चादरीकडे त्यांनी रागानं पाहिलं, जणू सगळा गुन्हा तिचाच. मग हौदाशी येऊन उभे राहिले.

ऊन अजून होतं. तिरपं, मधाळ, दयाळू ऊन. लाल विरलं, गुलाबी झालं. गुलाबी फिकटलं. आणि त्या फिकटणाऱ्या पाण्यावर स्वतःचीच काळी सावली पाहून मल्लय्या दचकून बाजूला झाले. ऊन कलत गेलं, तसे ते सरकत गेले. पाण्यातला रंग संपला, तळच्या फरश्या पिवळ्याधमक लखलखल्या. आणि भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, म्हातारा सुनेसाठी आपली सावली आवरून उभा होता.