सेटल झालेलं इंजिन

आपल्याला जगात एकच गोष्ट कळते, ती म्हणजे इंजिनाचा आवाज, असं यतीन स्वतःच सांगायचा. बाकीचं काही कळत नाही हे सुनेत्राला लग्नानंतर लवकरच समजलं होतं. पण हे एकसुद्धा त्याला कळत नाही हे समजायला मात्र अमेरिकेतल्या ट्रॉय गावातला संसार जुना व्हावा लागला, मुलगी कॉलेजात जावी लागली आणि दारात ती करडी सेडान यावी लागली.

नोकरी त्याची आवाजाचीच होती. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत बंद खोलीत इंजिनं चालवायची, भोवती माइक लावायचे आणि ऐकत बसायचं. मग कंपनीने पेट्रोलचं काम गुंडाळलं आणि त्याला इलेक्ट्रिक मोटरींच्या टीममध्ये टाकलं. मोटरी पडल्या मुक्या. तेव्हापासून साहेब घरी आले की जगावर रागावलेले. ‘‘गाडी आहे की फ्रिज आहे?’’ असं तो प्रत्येक पार्टीत विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

एक मान मात्र त्याचा अजून शिल्लक होता. ट्रॉय आणि आसपासच्या मराठी घरांत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी यतीनला फोन. समोरच्याने बॉनेट उघडून फोन इंजिनावर धरायचा आणि इकडे हा सोफ्यावर डोळे मिटून ऐकायचा. मग ‘‘घे’’ नाही तर ‘‘सोड’’ असा निकाल. दुसरा प्रश्न नाही, गाडीखाली वाकणं नाही, ऑइल बघणं नाही. आणि लोकही काय एकेक! चांगले शिकलेसवरलेले, मोठमोठ्या पगारांचे, पण पार्किंग लॉटमध्ये इंजिनासमोर फोन धरून उभे राहायचे. एकाचीही गाडी बंद पडली नव्हती असं नाही. पण पडली की त्या माणसाने ती नीट चालवली नाही असं ठरायचं.

करडी सेडान नंदूची होती. नंदू हा यतीनचा कॉलेजातला मित्र, पलीकडच्याच कॉलनीत राहणारा. त्याने नवी इलेक्ट्रिक घेतली आणि जुनी पेट्रोलची विकायला काढली. इकडे यतीनची मुलगी प्रीता ॲन आर्बरला कॉलेजात शिकत होती आणि शनिवार-रविवार घरी यायला तिला गाडी हवी होती. झालं, मग बाहेर कशाला बघायचं? नंदूकडे श्रीखंड-पुरीचं जेवण झालं आणि सगळे हात पुसत गराजमध्ये गेले.

नंदूने गाडी सुरू केली मात्र, पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसा आवाज सुरू झाला. नंदूची बायको वसुधा चार पावलं मागे सरकली. ‘‘थोडा आवाज करते रे,’’ नंदू ओशाळून म्हणाला. ‘‘घेण्याआधी एकदा मेकॅनिकला दाखव, हं.’’

यतीनने बॉनेटवर हात ठेवला, मान तिरकी केली, डोळे मिटले. प्रीता बापाकडे बघत उभी.

‘‘नॉर्मल आहे,’’ यतीन डोळे उघडून म्हणाला. ‘‘ही इंजिनं असंच बोलतात. आणि मेकॅनिकला काय दाखवायचं? मेकॅनिकला जे कळतं ते मी झोपेत सांगतो. तुझ्या घरची गाडी मी मेकॅनिककडे नेली तर तुला काय वाटेल?’’

नंदूला काहीच वाटलं नसतं, उलट बरंच वाटलं असतं. पण जेवायला घालून झाल्यावर आग्रह तरी किती करणार? गाडी घरी आली.

पुढच्या रविवारी देवळात गाडीची पूजा. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली लिंबं. गुरुजींचे मंत्र झाले, नारळ फुटला, ते म्हणाले, करा आता सुरू. प्रीताने सुरू केली आणि गुरुजींचा आशीर्वाद कुणालाच ऐकू गेला नाही. पार्किंगमधल्या एका आजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. सुनेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यतीन मात्र छाती काढून उभा. ‘‘पेट्रोलचं इंजिन आहे,’’ तो गुरुजींना म्हणाला, ‘‘बोलणारच ते.’’

काय म्हणावं या माणसाला! लाजेचं एक वेळ सोडा. ट्रॉयपासून ॲन आर्बरपर्यंत सगळा हायवेचा रस्ता, बाजूने ट्रक धडधडत जाणारे, थंडी सुरू झाली की बर्फ, आणि त्यात आपली पोरगी एकटी त्या खुळखुळ्यात बसून जाणार, हे सुनेत्राच्या डोक्यातून जाईना. मधल्या लेनमध्ये हे इंजिन बंद पडलं तर? दर रविवारी संध्याकाळी प्रीता निघाली की ‘पोचले’ असा मेसेज येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

‘‘एकदा दाखवून आण रे गाडी,’’ ती म्हणायची.

‘‘कुणाला दाखवू? माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं ते नाव सांग.’’

‘‘तू बॉनेट तरी उघडून बघितलंस का?’’

‘‘डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो तेव्हा छाती फाडून बघतो का?’’ असा त्याचा जबाब. आणि वर अंगठा-बोट जुळवून कानाशी नेऊन दाखवायचा. सुनेत्राच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण भांडण काढलं की तो दोन दिवस तोंड फुगवून बसायचा, कंपनीने त्याला कसं अडगळीत टाकलं ते उगाळायचा आणि शेवटी तिनेच त्याची समजूत काढायची. म्हणून ती कढईतली भाजी जरा जोरात परतायची आणि विषय सोडून द्यायची. इतकी वर्षं असंच चाललं होतं. चुकीच्या रस्त्याला लागला तरी ‘असू दे, हाही रस्ता छान आहे’ म्हणायचं, त्याने बसवलेलं शेल्फ पडलं की भिंतच खराब म्हणायचं.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी प्रीता आली आणि काय आश्चर्य, गाडीचा आवाज निम्म्याने कमी. यतीन बाहेर धावला. बॉनेटभोवती फेरी मारून आत आला तो जग जिंकल्यासारखा.

‘‘सेटल झालं इंजिन! मी म्हटलं नव्हतं? जुन्या इंजिनाला नवा ड्रायव्हर मिळाला की थोडा वेळ लागतो. सेटल होतं मग.’’

‘‘यू वर राइट, बाबा,’’ प्रीता म्हणाली आणि बूट काढायला खाली वाकली.

मग ते दर आठवड्याचंच झालं. आवाज वाढायचा, पुन्हा एकदम उतरायचा आणि उतरला की यतीनची मान ताठ. नंदूला फोन, वसुधाला फोन, ऑफिसातल्या मुक्या मोटरीवाल्यांना लेक्चर. घरात त्याचं चित्त इतकं प्रसन्न की स्वतः उठून चहा करायला लागला. सुनेत्राला वाटलं, असेलही बाई. आयुष्यात एकदा याचं बरोबर आलं असेल.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवण ठेवलं होतं. नंदू-वसुधा, आणि शंतनू-नेत्रा हे नागपूरहून नुकतंच आलेलं जोडपं, मांडीवर तान्हं बाळ. त्यांना जुनी गाडी घ्यायची होती, म्हणजे यतीनला ऐकवायची होती. प्रीता जेवून संध्याकाळी ॲन आर्बरला परतणार होती. बाहेर बर्फ पडायला सुरुवात झाली होती.

खुर्च्या कमी पडल्या. घडीच्या खुर्च्या प्रीताच्या गाडीत असतील म्हणून सुनेत्रा गराजमध्ये गेली आणि तिने डिकी उघडली. खुर्च्या होत्या. त्यांच्यामागे जिमच्या टॉवेलखाली इंजिन ऑइलच्या रिकाम्या बाटल्या होत्या, एकीला एक टेकवून ठेवलेल्या. बऱ्याच होत्या. एक भरलेली आणि एक काळं झालेलं नरसाळं.

प्रीता खुर्च्या उचलायला मागून आली आणि तिथेच थांबली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘ऑइल, आई.’’

‘‘ते दिसतंय मला. तू ओततेस?’’

‘‘गाडी ऑइल खाते. कमी झालं की आवाज करते. कॉलेजमधल्या एका मुलाने दाखवलं मला. सो आय टॉप इट अप. घरी यायच्या आधी, युज्वली.’’

‘‘मग बाबांना सांगितलं का नाहीस?’’

प्रीताने खांदे उडवले. ‘‘ही वॉज सो हॅपी. तो चहा करायला लागला, आई. लेट हिम हॅव इट.’’ आणि मग अगदी सहज, आईला काही लागावं असं मनातही न आणता, ती म्हणाली, ‘‘यू डू इट ऑल द टाइम.’’

सुनेत्राच्या हातातली खुर्ची जमिनीवर आपटली. पोरीला तिने पोहायला शिकवलं होतं, चकल्या पाडायला शिकवलं होतं. आणि हे शिकवलं नाही म्हणता म्हणता सगळ्यात नीट हेच शिकवलं होतं. एकोणीस वर्षांची मुलगी बापाचा तोरा सांभाळायला गॅस स्टेशनवर थंडीत कुडकुडत बॉनेट उघडून उभी राहते, आणि मग त्याच मरतुकड्या गाडीत बसून ट्रकांमधून घरी येते! यतीनचा तिला राग नेहमीचाच होता. आता तिला स्वतःचीच किळस आली.

तिने रिकाम्या बाटल्या कवेत घेतल्या.

‘‘आई, डोन्ट. प्लीज, लोक आहेत.’’

‘‘म्हणूनच,’’ सुनेत्रा म्हणाली.

आत यतीन रंगात आला होता. शंतनूचा फोन त्याच्या हातात होता, त्यात कुठल्याशा गाडीच्या इंजिनाचा व्हिडिओ चालू होता. ‘‘आवाजाला घाबरायचं नाही,’’ तो सांगत होता. ‘‘आमच्या प्रीताचीच गाडी बघ. नंदूला विचार, काय बोंबलत होती! आणि आता? सेटल झाली. मी हातसुद्धा लावला नाही.’’

‘‘नाहीच लावला,’’ सुनेत्रा म्हणाली आणि जेवणाच्या टेबलावर, पुऱ्यांच्या डब्याशेजारी, तिने बाटल्या ओतल्या. एक घरंगळत नंदूच्या पानापर्यंत गेली. ‘‘गाडी ऑइल पिते. तुझी मुलगी गुपचूप घालते, म्हणून आवाज उतरतो. तुला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाही. तुझं इंजिन सेटल झालेलं नाही, यतीन. आम्ही दोघी झालोय.’’

नेत्राने बाळाला उगाचच थोपटायला सुरुवात केली. प्रीता दारात उभी होती, लालबुंद झालेली.

यतीनने एक बाटली उचलली. चष्मा कपाळावर चढवून त्याने लेबल वाचलं. सुनेत्राला क्षणभर खरंच वाटलं, आता हा पोरीजवळ जाईल.

‘‘हे ग्रेड चुकीचं आहे,’’ यतीन म्हणाला. ‘‘या इंजिनाला हे चालत नाही. म्हणूनच आवाज येत होता.’’ आणि शंतनूकडे वळून, ‘‘बघितलंस? ड्रायव्हरच्या चुका असतात या.’’

नंदूने कपाळाला हात लावला. प्रीताचं तोंड एवढंसं झालं.

सुनेत्राला आता रागसुद्धा येईना. रागाच्याही लायकीचा राहिला नव्हता तो. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘‘बरं. उद्या तुझी लान्सिंगला मीटिंग आहे ना? तुझी गाडी प्रीता नेईल आज ॲन आर्बरला. तू हिची ने. योग्य ग्रेडचं ऑइल घाल आणि जा.’’

‘‘लान्सिंगला? हायवेने?’’ यतीन पटकन म्हणाला. ‘‘या बर्फात, त्या गाडीने? वेड लागलंय का तुला? रस्त्यात बंद पडली तर मरायचं का मी?’’

बोलून गेला आणि मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. शंतनूने त्याच्या हातातला आपला फोन हळूच काढून घेतला. वसुधा उघड उघड यतीनकडे टक लावून बघत होती. ‘‘म्हणजे माझं म्हणणं असं की...’’ तो सावरायला गेला.

प्रीता दारातून पुढे आली. रडत नव्हती. बापाकडे ती अशी बघत होती की सुनेत्राला वाटलं, हिने असं बघू नये म्हणूनच तर मी वीस वर्षं तोंड शिवून बसले होते. आणि आता ते होऊन गेलं होतं.

‘‘यू न्यू,’’ प्रीता म्हणाली. ‘‘बाबा, तुला माहीत होतं.’’

यतीनने बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं, रिकाम्या बाटलीचं.

प्रीताने त्याच्यासमोर हात पसरला आणि किल्ली मागितली. त्याने खिशातून काढून दिली. ‘‘सावकाश जा,’’ तो पुटपुटला. तिने कोट घातला, आईला मिठी मारली, आपल्यासाठी भरून ठेवलेला डबा घेतला आणि ती बाहेर पडली. बापाची गाडी जराही खडखड न करता ड्राइव्हवेवरून मागे गेली. आत पानं वाढलेली तशीच होती.

‘‘बसा ना, जेवून घ्या,’’ सुनेत्रा पाहुण्यांना म्हणाली, आणि तिने सगळ्यांना गरम पुऱ्या वाढल्या. यतीनच्या पानात मात्र तिने वाढली नाही. त्याची त्याने घेतली.