एक जर्सी, दोन गोलकीपर

मी एक पिवळी जर्सी बोलतेय. मापाने जरा ऐसपैस आहे. २००४ साली दोह्यातल्या एका छोट्या कॉलेजने मुलींची फुटबॉल टीम उभी केली, तेव्हा अल नस्र भागातल्या दुकानातून मला आणलं. गोलकीपरची जर्सी एकच घेतली होती. गोलकीपर मात्र दोघी निघाल्या.

वसईची ॲश्लिन उंच, बिनधास्त. रत्नागिरीची अफशां बुटकी, अबोल. खेळ शिकवणाऱ्या मॅडमनी ॲश्लिनला निवडलं. अफशां बाकावर बसायची आणि सामना संपला की मला धुवायला घरी न्यायची. तिची आई जैतून मला बाल्कनीत वाळत घालताना विचारायची, "नुसती धुतेस. अंगात घालायची कधी?"

"इन्शाल्ला," अफशां म्हणायची. मला तिचं फार वाईट वाटायचं.

मोसम मात्र झकास रंगला. पहिला सामना आम्ही हरलो, त्यानंतर एकही नाही. ॲश्लिन अशी झेपावायची की माझी कोपरं घासून विरली. जैतूनने त्यांना आतून ठिगळं लावली. जिंकल्यावर सगळ्याजणी करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाळ चहा, प्यायला जायच्या, त्याचे डाग माझ्या पोटावर अजून आहेत.

अंतिम सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. आमच्यावरचा गोल समोरच्या कप्तानाने पेनल्टीवर केला होता. आता निकाल पेनल्टींवरच लागणार होता. पण अगदी शेवटी चेंडू अडवताना ॲश्लिनचं बोट दुखावलं. तिने हात माझ्याआड लपवला. तिचे बाबा, पीटर, हॉस्पिटलातली ड्यूटी बदलून पहिल्यांदाच सामना बघायला आले होते.  तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग सरळ बाकाकडे गेली.

"अफशां, तू घाल. माझं बोट सुजलंय."

"अगं, तुझे बाबा आलेत ना?"

"ते नर्स आहेत. ते बोट बघतील, तू गोल बघ."

मी घामाने चिंब होते. अफशांने मला तशीच चढवली. बाह्या बोटांच्याही पुढे गेल्या, त्या दोघींनी मिळून दुमडल्या.

शेवटच्या पेनल्टीला आम्ही एका गोलने पुढे होतो. समोर तीच कप्तान आली. बाहेरून ॲश्लिन ओरडली, "मघासारखंच मारील ती. तुझ्या डावीकडे जा!" दोन्ही टीममध्ये मराठी कळणाऱ्या त्या दोघीच होत्या. अफशां डावीकडे झेपावली आणि चेंडू धप्पकन माझ्या छातीवर आदळला. इतका गोड मार मी कधी खाल्ला नव्हता.

फोटोच्या वेळी अफशां मला काढून ॲश्लिनला द्यायला लागली.

"राहू दे गं," ॲश्लिन म्हणाली. "बाबा बोट सोडतच नाहीयेत."

म्हणून त्या फोटोत कपाशेजारी, मान खाली घालून पट्टी बांधणारे पीटरही आलेत.

दोघी पास होऊन गेल्या, तेव्हा मला कपाबरोबर काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं होतं. अफशांने ऐकलं नाही. तिने मला इस्त्री केली आणि नव्या गोलकीपरच्या, नूरीच्या हातात दिली.

आता माझा रंग उतरलाय, गळ्याची शिवण उसवलीय. पण कप कपाटात शोभतो. आम्हा कपड्यांना अंग लागतं. तुमच्याकडे कुणाची जुनी जर्सी घडी घालून पडली असेल, तर ती खेळणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका. बरं, निघते मी. नूरीने मला डोक्यातून घातलंय, आणि पोरगी घाईत उलटी घालतेय.