चिठ्ठी वाचणारा कॉम्प्युटर

"हे सांगितलं तर कुणाचा बापही विश्वास ठेवणार नाही," रेडिओ दुरुस्त करणारे तात्या म्हणाले आणि त्यांनी लेकीकडे आशेने पाहिलं. आशेला कारण होतं. बायकोला शिलाई मशीनसाठी टेबल हवं होतं, टेबलावर तात्यांचा चाळीस वर्षांचा कॉम्प्युटर चादर पांघरून ऐसपैस बसला होता, आणि त्याला ठेवायचा की भंगारात घालायचा, याचा निकाल लेक देणार होती.

"या गड्याला बंद केला की पाटी कोरी," तात्यांनी सुरुवात केली. "म्हणून फ्लॉपीवर चिठ्ठी लिहून ठेवायची. उठल्याबरोबर तो ती वाचतो. तारीख विचार, अक्षरं मोठी कर, पत्राचं पान उघड. तिलाच म्हणायचं सुरुवातीची फाइल."

"एवढं खरंय," लेक म्हणाली. तात्यांना चेव चढला.

"पण घाईघाईत शेवटच्या ओळीत मी त्या चिठ्ठीचंच नाव लिहून बसलो. झालं! चिठ्ठी संपली की पुन्हा चिठ्ठी वाच. तीन दिवस बिचारा वाचतोय! असा तापला, की तुझ्या आईने त्याच्यावर दोन चादरी वाळवल्या."

"मी?" स्वयंपाकघरातून आवाज आला. तात्यांनी तिकडे कानाडोळा केला.

"चौथ्या दिवशी पडद्यावर आपोआप अक्षरं उमटली. 'तात्या, पाया पडतो, शेवटची ओळ खोडा.' खोडली. तेव्हापासून एवढे उपकार मानतो, की बटण दाबायच्या आधीच उठून बसतो. आज सकाळी मी तोंड धुतोय तोवर पठ्ठ्याने तुझ्या मावशीला पत्र लिहून टाकलं! तुझ्या आईच्या गुडघ्यासकट सगळी खुशाली."

"मग लावून दाखवा ना." लेकीने चादरीला हात घातला.

"अगं, आत्ताच डोळा लागलाय त्याचा!" तात्या आडवे आले.

तेवढ्यात बायको पदराला हात पुसत दारात उभी राहिली.

"अहो, पत्र आज सकाळी लिहिलं म्हणता?"

"सहाच्या ठोक्याला!"

"आणि माझ्या इस्त्रीची वायर जळली, तेव्हा गेल्या रविवारी याचीच वायर कापून तुम्ही इस्त्रीला जोडलीत, त्याचं काय? थापा मारा हो, पण निदान विजेला लावून तरी मारा!"