उत्तराएवढी शांतता

माझ्या सुनेने, शेंगने, इथे अमेरिकेत घरात आपली ह्मोंग भाषा बंद केली. "आई, गाओनूशी तसलं बोलत जाऊ नका. शाळेत मागे पडेल." आणि स्वतः काय करते? नखं रंगवायच्या दुकानात निघताना माझ्या चार वर्षांच्या नातीला टीव्हीपुढे बसवते. दिवसभर ती पिवळ्या झग्यातली बाई. मला अक्षर येत नाही, पण बाईची लबाडी कळते. प्रश्न विचारते, जरा गप्प राहते, हसते, मग म्हणते, "शाब्बास!" पोरीने उत्तर दिलं काय, न दिलं काय.

शेंग खूश. "बघा, रंग येतात, आकडे येतात!"

"पोपटालाही येतात," मी म्हटलं. "पण भूक लागली की तो ओरडतो तरी."

सोमवारी मी न्हाणीघरात घसरून पडले. "गाओनू, आईला फोन लाव गं!" पोर दारात आली. माझ्याकडे बघून हसली. गप्प राहिली. मोजून त्या बाईएवढीच. मग टाळी वाजवून इंग्रजीत म्हणाली, "शाब्बास!" आवाज मोठ्या बाईचा. टीव्हीची वायर तर मी सकाळीच उपटली होती.

पोरीचा जीव बाहेर राहिलाय, हे कळायला शाळा लागत नाही. शनिवारी पायाला फडकं बांधून, अंडं, तांदूळ, उदबत्ती घेऊन मी दारात उभी राहिले. सेंट पॉलचा बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दारातून हाक मारायची आणि आतून घरच्याने पोरीच्या वतीने, आपल्याच भाषेत, "आले" म्हणायचं. कोणी म्हटलं नाही, तर जीव उंबऱ्यावरून माघारी फिरतो. शेंगला हे पाळण्यापासून ठाऊक.

"गाओनू, ये बाई. आलीस का घरी?"

आत शेंग पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. तिने तोंड उघडलं, पोरीकडे बघितलं, मिटलं.

"आलीस का?"

बर्फावर बारीक पावलं वाजली. दिसलं कोणी नाही. पायरीशी येऊन थांबली.

"आलीस का गं?"

आत शांतता. तेवढीच, मोजून. मग शेंगच्या मांडीवरून तो गोड, मोठ्या बाईचा आवाज: "शाब्बास!"

पावलं माघारी फिरली. रस्त्यापर्यंत ऐकू आली.

शेंग रडायला लागली. "आई, तो टीव्ही आजच फेकून देते."

मी अंडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "त्या खोक्याला कशाला शिव्या देतेस? पोर दारापर्यंत आली होती, शेंग. तिला परत धाडली ती तू."