तातायसाठी सिनारापन

"पुन्हा तेच!" बेनिताने बांबूच्या चौकटीचं जाळं होडीत आपटलं. जाळ्यातून बाहेर पडली ती मासे पाळायच्या पिंजऱ्यातून निसटलेली तिलापियाची पिल्लं. पाण्यात घोळका दिसला, तेव्हा तिला ते सिनारापन वाटले होते. भाताच्या शिताएवढा हा मासा काचेसारखा आरपार, त्यामुळे पाण्यात दिसतात ते फक्त काळे डोळे. पूर्वी बेनिता सकाळच्या एका फेरीत टोपली भरायची. आता बुहीच्या तळ्यात जिकडे पाहावं तिकडे तिलापियाचे पिंजरे, आणि त्यांतले बरेचसे तिच्याच थोरल्या भावाचे.

तो अपोलोनियो पिंजऱ्यावर बसून माशांना खाद्य टाकत होता. "काय गं, तळं गाळून पिणार आहेस का?"

"हस, मानोय, हस! थोरला भाऊ ना तू! तुझ्या पिंजऱ्यांनीच गिळलं सगळं. तिकडे ताताय अन्नाला शिवत नाही. एकच धोशा, सिनारापन दे."

"मग हीच पिल्लं शिजव नारळाच्या दुधात. बापाला आता काय कळतंय?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

ऊन डोक्यावर येईतो ती जाळं ढकलत राहिली. तळहात सोलवटले. तिला सगळ्यांचाच संताप आला होता. तळ्याचा, भावाचा आणि बापाचासुद्धा. मरायला टेकल्यावर मागायला याला दुसरं काही सुचू नये!

शेवटी तिने होडी भावाच्या पिंजऱ्याला लावली आणि त्याच्याकडे न बघता टोपली पुढे केली. "दे." या वेळी अपोलोनियो हसला नाही; त्याने टोपलीत पिल्लं ओतली.

घरी तिने पिल्लं उकडली, कुस्करली आणि बोटांनी चाचपून काटे काढले. सिनारापनचा काटा जिभेला कधी जाणवतच नाही. मग मिरची घालून, अळूच्या पानात बांधून तिने ती नारळाच्या दुधात शिजवली.

"घे ताताय, सिनारापन." ती चुलीकडे वळली, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडेच बघत होती.

म्हातारा हिरड्यांनी चावता चावता थांबला. त्याने तोंडात बोट घालून केसासारखा बारीक काटा काढला. घटकाभर त्याच्याकडे पाहिलं. मग तो हळूच ताटातल्या पानाखाली सरकवला.

"छान झालंय," तो म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं. "अजून वाढ, पोरी."