दुकान मारुतीच्या नावावर

तारापूरच्या कारखान्यात प्रेसखाली मारुतीच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. भरपाई मिळाली, तिच्यातून त्याने बोईसरला झेरॉक्सचं दुकान टाकलं. परवाना त्याच्या नावावर, मशीन मात्र बायकोच्या, ज्ञानेश्वरीच्या हातात.

भरतीची तयारी करणारी मुलं सफाळ्याच्या प्रियदर्शिनी बाईंचं गणिताचं पुस्तक घेऊन येत. क्लास सांभाळून बाईंनी ते सहा वर्षं खपून लिहिलं होतं, स्वतःच छापून घेतलं होतं. ज्ञानेश्वरी त्याच्या प्रती काढून, स्पायरल घालून निम्म्या किमतीत विकायची. एकदा बाई स्वतः दुकानात आल्या.

“माझ्या वर्गात तीस मुलं. सव्वीस जणांकडे तुमची प्रत. आता बंद करा, हात जोडते.”

“नाही काढणार, बाई.”

महिनाभर तिने शब्द पाळला. मग पोलीस भरती जाहीर झाली आणि दारात मुलांची रीघ लागली; तिने पुन्हा प्रती काढायला घेतल्या.

बाईंनी तक्रार केली, आणि पोलीस भर दुपारी आले. फौजदारांनी एकशे दहा प्रती जप्त केल्या, मशीनला सील ठोकलं.

“छापलं कोणी?”

ज्ञानेश्वरी मशीनजवळच उभी होती. कडेवरची लेक अजून अंगावर पीत होती. तेवढ्यात मारुती पुढे झाला.

“मी छापलं. मशीन मीच चालवतो.”

फौजदारांनी त्याच्या पंजाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “नक्की?”

“लिवून घ्या, साहेब.”

त्यांनी लिहून घेतलं. ज्ञानेश्वरीने लिहू दिलं.

कळताच प्रियदर्शिनी बाई ठाण्यात धावल्या. “मला छपाई थांबवायची होती, माणूस आत टाकायचा नव्हता. मी तक्रार मागे घेते.”

“बाई, गुन्हा दाखल झालाय. आता खटला सरकारचा.”

मारुतीला जामीन मिळायला बारा दिवस गेले. घरी आल्यावर तो ज्ञानेश्वरीला खरं सांगायला तोंड उघडू देईना. “तू गेलीस तर हे लेकरू कुणाकडं ठेवू?” वकिलांनी आधीच सांगितलं होतं: शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, विकण्यासाठी छापलेलं, त्यामुळे सहाच्या खाली येणं कठीण.

खटला दोन वर्षं चालला. पालघरच्या कोर्टात दोष सिद्ध झाला. शिक्षेबद्दल काही म्हणायचंय का, असं न्यायाधीशांनी मारुतीला विचारलं, तेव्हा मागच्या बाकावरून ज्ञानेश्वरी उठली.

“साहेब, मी छापलंय. ह्यांना साधा कागद सरळ लावता येत नाही. मला बाईंनी बजावलं होतं, तरी मी छापलं.”

न्यायाधीशांनी मारुतीकडे पाहिलं.

“बायको हाय, साहेब,” तो शांतपणे म्हणाला. “मला वाचवायला बोलते.”

सहा महिने कैद आणि दंड.

बाहेर प्रियदर्शिनी बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोघींची नजरानजर झाली. डाव्या हाताने दांडा धरून मारुती पोलिसांच्या गाडीत चढला. तो एकदा तरी मागे बघेल म्हणून ज्ञानेश्वरी लेकीला उचलून उभी राहिली. त्याने बघितलं नाही.